घशातली गणपूर्ती

फोन थरथरला आणि स्क्रीनकडे न बघताच ईश्वरीला रंग कळला. नारिंगी. जेवणाचा डबा धुऊन ती जागेवर येऊन बसली, की थोड्या वेळात हे व्हायचंच.

समोर कोल्ड स्टोरेजच्या खोल्यांचे आलेख होते. तासगावकडचा बेदाणा मिरजेबाहेरच्या या गोदामात वर्षभर राहायचा. कुठल्या खोलीत गारवा किती, दमटपणा किती, या रेघांवर नजर ठेवणं हे तिचं काम. रेघ जरा हलली की ही खुर्चीतून उठायची. मालक म्हणायचे, "हिंगमिरे मॅडम असल्या की अलार्म कशाला हवा?" ते कौतुक होतं की टोमणा, हे तिने कधी विचारलं नाही.

तिने घरी फोन लावला. सासूला ती आत्या म्हणायची.

"आत्या, नारिंगी झालंय."

"हितं तर काय झालं न्हाई. बसलीया की गप."

"थेंब द्या लगेच. तीन. जिभेखाली."

"अगं, दोन महिनं झालं देतीया. आता झोपंत बी चुकायची न्हाई मी."

"आणि लगेच पाणी पाजू नका वरून."

"न्हाई पाजत. तुझा बेदाणा बग तू."

फोन ठेवला तरी तिचा अंगठा स्क्रीनवरून हलेना. नारिंगीचा पिवळा झाला, पिवळ्याचा पोपटी, आणि मग हिरवा. तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

शाल्मली दीड वर्षाची होती. नऊ महिन्यांची असताना तिला न्यूमोनिया झाला होता. एकामागून एक अँटिबायोटिक दिलं, आणि एकेका औषधावर 'लागू नाही' असा शेरा घेऊन रिपोर्ट परत आला. शेवटी एक लागू पडलं. ते नसतं पडलं तर काय, हे ईश्वरीने कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं, पण त्या दिवसांपासून तिची झोप मांजरासारखी झाली होती. पोरीने कूस बदलली तरी ही उठून बसायची.

दोन महिन्यांपूर्वी तपासणीला नेलं तेव्हा डॉ. नाझनीन मुजावरांनी 'कानोसा' नावाच्या यंत्राची गोष्ट काढली. शाल्मलीच्या खालच्या दुधाच्या दातावर साबुदाण्याहून लहान एक मणी चिकटवायचा. तो दिवसभर लाळ तपासतो आणि आईच्या फोनवर रंग पाठवतो. मुंबई-पुण्यात पोरांच्या दातांवर तो होताच. मिरजेत नुकताच आला होता.

"पण हा तपासतो काय?" ईश्वरीने विचारलं होतं. "जंतू मोजतो?"

"मोजत नाही. ऐकतो," डॉक्टर म्हणाल्या.

ईश्वरीला बी.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्राचा एक पेपर होता. त्यात हा भाग अर्ध्या पानाचा होता आणि परीक्षेला कधी आला नव्हता. डॉक्टरांनी तो आता सोपा करून सांगितला. प्रत्येक जंतू आपल्या अंगातून एका रसायनाचे बारीक कण बाहेर सोडत असतो. जंतू एकटा-दुकटा असला तर ते कण वाहून जातात, कुणाला पत्ता लागत नाही. संख्या वाढली की कण दाटत जातात. एका ठरावीक दाटीला प्रत्येक जंतूला एकाच वेळी उमगतं की आपण पुरेसे झालो. तोवर ते गरीब गाय असतात. मग मात्र सगळे मिळून चिकट थराचं घर बांधतात, विष सोडतात. एकट्यादुकट्याने विष सोडलं तर शरीर त्याला तिथेच गाठेल, म्हणून ते वाट बघतात.

"सोसायटीची वार्षिक सभा बघितलीय ना?" डॉक्टर म्हणाल्या. "गणपूर्ती होईपर्यंत सगळे चहा पीत बाहेर उभे असतात. गणपूर्ती झाली की दहा मिनिटांत सगळे ठराव पास. तसंच हे."

मणी ती दाटी मोजायचा. नारिंगी म्हणजे सभा भरत आली. आणि मण्यासोबत मिळणारे 'मौन' नावाचे थेंब त्या कणांचे तुकडे करायचे. थेंबांनी जंतू मरत नव्हते. त्यांना फक्त एकमेकांचा सुगावा लागेनासा व्हायचा, आणि हजारोंच्या गर्दीत प्रत्येकाला वाटायचं की आपण एकटेच आहोत. मारत नाही म्हणून जंतूही या औषधाला लवकर निर्ढावत नाहीत. ईश्वरीला हे फार आवडलं. मारामारी नाही, 'लागू नाही'चे शेरे नाहीत. सभाच भरू द्यायची नाही.

मणी बसवला त्या दिवशी आत्यांनी तो बोटाने चाचपून बघितला होता. "नाकातली चमकी चुकून दातावर बसवली जणू," एवढंच म्हणाल्या.

पण एक गोष्ट ईश्वरीला काही सुचू देत नव्हती. रविवारी नारिंगी होत नव्हता. ती घरी असली की रेघ दिवसभर सपाट, आणि कामावर गेली की दुपारी उंचवटा. मधल्या एका सुट्टीलाही सपाट होती. तिने दोन महिन्यांचे आलेख ऑफिसच्या मोठ्या स्क्रीनवर एकमेकांवर ठेवून बघितले. उंचवटा इतका नेमका होता की एखाद्या खोलीचं दार रोज कुणीतरी त्याच वेळी उघडं टाकतंय, असं तिने इथे लगेच सांगितलं असतं.

मग घरी कोण दार उघडत होतं?

आत्या मशेरी लावायच्या. मशेरीचं बोट पोरीच्या तोंडात जात असेल का? की शेजारची पोरं येऊन तिचे पापे घेत असतील? तिने नवऱ्याला, गुरुराजला फोन केला. तो जतच्या पठारावर पवनचक्क्यांच्या दुरुस्तीला असायचा आणि शनिवारी घरी यायचा.

"आत्या काहीतरी करतात मी नसताना," ती म्हणाली.

"काहीतरी म्हणजे?"

"ते कळलं असतं तर तुला कशाला विचारलं असतं?"

"ईशू, आईने मला वाढवलं. मी आहे ना धडधाकट?"

"तुझ्या वेळच्या जंतूंना औषधं लागू पडायची," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

बुधवारी ती डोकं दुखतंय म्हणून लवकर निघाली. स्कूटर कोपऱ्यावरच बंद केली आणि ढकलत दारापर्यंत आणली. आपल्याच घरात चोरासारखं शिरताना तिला लाज वाटली, पण पाय थांबले नाहीत.

स्वयंपाकघरात आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. मांडीवर शाल्मली, हातात स्टीलची वाटी. त्या पोरीला चमच्याने काहीतरी पांढुरकं भरवत होत्या. आंबूस वास दारापर्यंत आला.

"आत्या."

आत्या दचकल्या नाहीत. आधी पोरीची हनुवटी पदराने पुसली. "आलीस व्हय लवकर?"

"काय आहे हे?"

"आंबील."

"आंबील? डॉक्टरांनी शिळं, आंबलेलं काही द्यायचं नाही म्हणून सांगितलंय. तुमच्यासमोर सांगितलंय."

"ते आजारी हुती तवा सांगितलं. रातभर ताकात भिजवायचं, सकाळी शिजवायचं, गार झालं की वरनं ताजं ताक. ह्यात शिळं काय? तुझी खिचडी थुंकती ती. थुंकलेलं तुझ्या फोनात दिसत न्हाई."

"मला सांगायचं होतं मग."

"सांगितलं असतं तर तू देऊ दिलं असतंस?"

तेवढ्यात ईश्वरीच्या हातातला फोन थरथरला. नारिंगी. आत्यांनी सवयीने पोरीच्या जिभेखाली तीन थेंब सोडले. ईश्वरीने वाटीकडे बघितलं, मग पोरीच्या पांढऱ्या ओठांकडे, आणि तिथेच पाटावर बसली. मण्याच्या माहितीपत्रकातलं एक वाक्य तिला आठवलं. तेव्हा ते तिने वाचून सोडून दिलं होतं. जंतूंच्या प्रत्येक जातीची आपली बोली असते, आणि शिवाय एक सामाईक बोली असते, ती बहुतेक सगळ्यांनाच येते. महागडा मणी दोन्ही ऐकतो. त्यांनी घेतलेला फक्त सामाईक बोली ऐकायचा. ती बोली ताकातले जंतूही बोलतात. मणी बनवणाऱ्यांच्या घरी दुपारी कुणी पोराला आंबील भरवत नसावं.

"म्हणजे दोन महिने आपण ताकाला औषध देत होतो," ती म्हणाली. तिला हसूही येत होतं आणि कुणाला तरी ओरडावंसंही वाटत होतं.

"मी म्हणतच हुते, पोरीला काय झालं न्हाई म्हणून," आत्या म्हणाल्या. मग त्यांचा आवाज उतरला. "पर आता ते बी म्हणवंना. ईश्वरी, चार दिस झालं ही खेळंना. ओट्याखालची भांडी ओढायची, डबं वाजवायची. आता ठेवलं तिथं बसती. मांडीवर घिऊन भरवते तवा चार चमचं पोटात जातं."

"ताप नाही तिला. आजही बघितला मी."

"ताप न्हाई. रडणं बी न्हाई. ह्येच मला बरं वाटंना झालंय."

ईश्वरीने पोरीला उचललं. शाल्मलीने मान तिच्या खांद्यावर टाकली, ती नुसती टाकली. एरवी ती आधी कानातलं ओढायची. ईश्वरीने फ्रॉक वर केला. प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या खाली खळगा पडत होता. मागच्या न्यूमोनियाने तिला हा खळगा ओळखायला शिकवलं होतं. आत्यांनी दुपारचे थेंब नुकतेच दिले होते, आणि त्या खळग्याकडे ती बघत असतानाच हातातल्या फोनवर नारिंगी उतरून हिरवा आला.

डॉ. मुजावरांनी एक्स-रे उजेडाला धरला. उजव्या फुप्फुसाच्या तळाशी ढगासारखा पांढरा डाग होता.

"ताप नाही, खोकला नाही, आणि एवढा डाग," त्या म्हणाल्या. "थेंब किती वेळा दिलेत?"

"रोज," ईश्वरी म्हणाली. "रविवार सोडून."

"रोज कशाला?"

आत्यांनी घसा साफ केला. "मी आंबील देत हुते, डॉक्टर. हिला न सांगता. त्येच्यानं रंग यायचा म्हणं."

डॉक्टर आत्यांकडे वळल्या. मग म्हणाल्या, "आंबिलीने काही झालं नाही, आज्जी. आंबील चांगली असते. थेंब रोज गेले, त्याने झालं."

मग त्यांनी जे सांगितलं ते ईश्वरीने ऐकताना पोरीचं पाऊल मुठीत घट्ट धरून ठेवलं होतं. शाल्मलीच्या घशात जुन्या आजाराचे थोडे जंतू उरले होते, तसे पुष्कळांच्या घशात असतात. थेंबांनी ते बहिरे झाले. बहिरे झाले म्हणून त्यांनी हल्ला केला नाही, पण वाढायचे थांबले नाहीत. हळूहळू खाली फुप्फुसात उतरले. एरवी शरीराने त्यांना वाटेतच अडवलं असतं, कारण आपल्या अंगातल्या पहारेकरी पेशीही जंतूंच्या त्याच कणांवर कान ठेवून असतात. शत्रूची सभा भरायला लागली की त्यांनाही ते ऐकू येतं, आणि त्या ताप चढवतात, पांढऱ्या पेशींची फौज बोलावतात. थेंबांनी ते कण तिथल्या तिथे कापले. जंतू बहिरे झाले आणि शरीरही.

"हिच्या शरीराला अजून माहीतच नाही," डॉक्टर म्हणाल्या, "की घरात कोण येऊन बसलंय."

"मग अँटिबायोटिक सुरू करा. ते शेवटचं, जे लागू पडलं होतं."

"करतेच आहे. पण आता आत दाटी झालीय, खायला पुरत नाही, तर बहुतेक जंतू नुसते पडून आहेत. पडून असलेल्याला औषध नीट लागत नाही. उठून कामाला लागला की लागतं. आणि औषध एकट्याने हे निभावणार नाही, शरीराची साथ हवी." त्यांनी एक्स-रे खाली ठेवला. "थेंब बंद करावे लागतील. त्यांचा अंमल उतरला की सगळ्या जंतूंना एकमेकांचा सुगावा एकदम लागेल. शरीरालाही एकदम लागेल. ताप खूप चढेल. थोडा उतरवू, पण मोडायचा नाही. उद्याचा दिवस वाईट जाईल."

"आणि थेंब चालू ठेवले तर?"

"आज काही होणार नाही. उद्याही बहुधा नाही. पुण्याला हलवायला वेळ मिळेल. पण तिथेही कधीतरी हेच करावं लागणार, आणि तोवर डाग वाढलेला असेल. हिचा दम अशा बेताने कमी होत जाईल की कळणार नाही."

"तुम्ही काय केलं असतं?"

"माझ्या मुलावर ही वेळ आलेली नाही, मी कशी सांगू? या महिन्यातली ही तिसरी. डॉक्टर म्हणून विचाराल तर, बंद करा."

"आधीच्या दोघांचं काय झालं?"

"एक घरी गेलाय. एक अजून आत आहे."

ईश्वरी खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. आज काही होणार नाही. उद्याही नाही. हे शब्द किती मऊ होते. गेल्या वर्षी गोदामातल्या एका खोलीची रेघ आठवडाभर जराही हलली नव्हती, आणि सगळे खूश होते. नंतर कळलं की मापकाचीच तार तुटली होती. दार उघडलं तेव्हा आतला बेदाणा आंबून गेला होता. तो फेकता आला होता.

ती वळली. "बंद करा," म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळ गप्पच गेली. शाल्मली सलाईन लावलेला हात उशीवर ठेवून छताकडे बघत पडली होती. ईश्वरीने दहादा तिच्या कपाळाला हात लावला आणि दहादा ते गार लागलं. आपण चुकलो नाही ना, की डॉक्टरच चुकल्या? ती उठली, बसली, पुन्हा उठली. शेजारच्या खाटेवरच्या पोराच्या आईने विचारलं, "तुम्हाला जागा कमी पडतीय का?"

जेवणाच्या वेळेला फोन थरथरला. नारिंगी. या वेळी पोटात आंबील नव्हती. मग लाल. लाल तिने याआधी कधी बघितला नव्हता. पोरीच्या कपाळावर हात ठेवला तर तवा. बघता बघता गाल लालबुंद झाले, ओठ सुकले, अंग कापायला लागलं. नर्सने तापाचं औषध दिलं. पारा जरासा खाली आला आणि पुन्हा चढला.

आत्या खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. थेंबांना इतके दिवस नावं ठेवणाऱ्या आत्या.

"दे की गं ते थेंब."

"नाही द्यायचे, आत्या."

"एक तरी दे. तुझ्या पर्समंदी हाय, बगितलंय मी."

"डॉक्टर काय म्हणाल्या ऐकलंत ना तुम्ही?"

"ऐकलं. पोरगी भाजून निघालीया आणि तू डॉक्टर सांगतीस मला. दे हिकडं. मी देते, पाप माझं मला."

ईश्वरीने पर्स खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर बसली, एस.टी.त रुमाल टाकून जागा धरतात तशी. आत्यांनी तोंड फिरवलं. त्या तशाच बाहेर निघून गेल्या.

गुरुराजचा फोन आला. मागे वाऱ्याचा घोंघाट. "ईशू, निघालोय मी. मी पोचेपर्यंत तरी दे ते. काय व्हायचं ते मी आल्यावर होऊ दे."

"तुझ्या येण्याची वाट जंतू बघणार आहेत का?"

"तू अशी कशी गं कठोर झालीस?"

तिने फोन ठेवला. आपण कठोर आहोत की नुसत्या हट्टी, तिलाही माहीत नव्हतं. पर्सच्या आतली बाटली मांडीखाली टोचत होती. झाकण काढायचं, तीन थेंब, आणि थोड्याच वेळात सगळं हिरवं. ती बाटली तिने दोन महिने देवाच्या अंगाऱ्यासारखी जपली होती. तिने दोन्ही हात पोरीच्या अंगाखाली सरकवले, म्हणजे ते दुसरीकडे जायला नकोत.

शाल्मली कण्हत होती. प्रत्येक कण्हण्यानंतर एक पोकळी यायची, आणि ती भरेपर्यंत ईश्वरीचाही श्वास थांबायचा. आत्या परत आल्या आणि काही न बोलता पोरीच्या तळव्यांवर ओलं फडकं ठेवू लागल्या. ईश्वरी काखेत ठेवत होती. एकीचं सुकलं की दुसरी भिजवून द्यायची.

"माझ्यामुळं झालं," आत्या फडक्याकडे बघत म्हणाल्या.

"फडकं नीट पिळा, आत्या. उशी भिजतीय," ईश्वरी म्हणाली. आत्यांनी मान हलवून पिळलं.

उन्हं कलताना डॉ. मुजावर रक्ताचा नवा रिपोर्ट घेऊन आल्या. "सकाळपेक्षा पांढऱ्या पेशी दुप्पट," त्या म्हणाल्या. "शरीराला कळलंय आता." त्यांनी पोरीच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ. "ताप अजून राहील. पण मला हवा तो आवाज ऐकू येतोय."

"म्हणजे वाचली?" आत्यांनी विचारलं.

"म्हणजे भांडतीय, आज्जी. वाचायला आधी भांडावं लागतं."

त्या गेल्या. दिवे लागले. पारा खाली यायला तयार नव्हता, पण कण्हणं थांबलं होतं. शाल्मलीने डोळे उघडले आणि आपल्या हाताकडे बघितलं. सुई, पट्टी, नळी. पाच दिवसांत पहिल्यांदा तिच्या कपाळाला आठी पडली. दुसऱ्या हाताने तिने पट्टीचं टोक पकडलं आणि ओढलं.

"नाही बाळा, नाही," ईश्वरीने तो हात धरला.

"नक्को." आवाज फाटका होता, पण शेजारच्या खाटेपर्यंत गेला. "नक्को. नक्को." पोरगी लाथा झाडायला लागली. आईचा हात तिने जोर लावून ढकलला, त्यावर ओरबाडलंही, आणि आत्यांकडे बघून दोन्ही हात वर केले.

नर्स धावत आली. "अहो, धरा तिला. नळी निघेल. किती आरडाओरडा हा."

"सलाईन मी सांभाळते," ईश्वरी म्हणाली. "ओरडू दे तिला."

तिने नळी उंच धरली आणि पोरीला सासूच्या मांडीवर दिलं.